नथीतून काढलेला नियम

मानसशास्त्रात एकाच माणसाच्या आयुष्याचा सर्व अंगांनी तपास करण्याच्या पद्धतीला व्यक्ति-अभ्यास म्हणतात. या पद्धतीचे समर्थक तिच्या बाजूने जो युक्तिवाद सर्वांत अधिक करतात तो असा की, एक माणूस पुरेसा खोल पाहिला तर त्याच्या तळाशी सगळी माणसे सापडतात. मराठी वाचकाला हा युक्तिवाद चटकन पटतो, कारण ‘पिंडी ते ब्रह्मांडी’ हे सूत्र त्याच्या कानावरून पिढ्यान्‌पिढ्या गेलेले आहे. परंतु अध्यात्मात जे सूत्र अनुभूतीच्या बळावर चालते ते शास्त्रात पुराव्यावाचून चालत नाही, आणि पुरावा मागितला की एका पिंडातून ब्रह्मांड काढण्याचा खटाटोप बहुधा अर्ध्या वाटेवरच अडखळतो. जर्मन तत्त्वज्ञ विल्हेल्म विंडेलबांड यांनी १८९४ मध्येच ज्ञानाच्या दोन तऱ्हा वेगळ्या करून ठेवल्या होत्या: अनेक घटनांना लागू होणारा नियम शोधणारी ती नियमलक्षी, आणि एकदाच घडलेल्या, पुन्हा न घडणाऱ्या गोष्टीचे एकमेवपण समजून घेणारी ती व्यक्तिलक्षी. दोन्ही तऱ्हांना आपापले स्थान आहे. प्रस्तुत प्रतिवाद व्यक्तिलक्षी अभ्यासाच्या विरोधात नाही. व्यक्तिलक्षी अभ्यास करून त्याच्या पोटातून नियमलक्षी निष्कर्ष काढण्याच्या, आणि तो काढताना मधल्या पायऱ्या गाळण्याच्या सवयीविरुद्ध तो आहे.

या सवयीचे महाराष्ट्राला सर्वांत जवळचे आणि सर्वांत झोंबणारे उदाहरण म्हणजे नथुराम विनायक गोडसे याच्या मनाचे विश्लेषण. आशीष नंदी यांनी गांधीहत्येच्या राजकारणावर लिहिलेला निबंध १९८० मध्ये त्यांच्या ‘ॲट द एज ऑफ सायकॉलॉजी’ या पुस्तकात आला, आणि तेव्हापासून गोडसेच्या मनाविषयी इंग्रजीत जे गंभीर लेखन झाले त्यातला बराचसा भाग या निबंधाच्या सावलीतच वाढला. निबंधाचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. खुनी माणूस वेडा होता, माथेफिरू होता, समाजाच्या कडेला लटकलेला होता, असे म्हणून प्रकरण मिटवण्याची जी सोय सरकार आणि सभ्य समाज या दोघांनीही करून घेतली होती, ती नंदी यांनी मोडून काढली. गोडसे हा समाजाच्या मुख्य प्रवाहातील एका भयाचा प्रतिनिधी होता, असे त्यांनी ठामपणे मांडले. गांधींनी राजकारणाचे केंद्र उच्चवर्णीय, शिक्षित पुरुषांच्या हातून काढून परिघावरच्या माणसांकडे नेले, आणि त्याचबरोबर पौरुषाची प्रचलित कल्पना उलटी करून सहनशीलता, सेवा, मार्दव या बायकी मानल्या गेलेल्या गुणांना राजकीय प्रतिष्ठा दिली. त्यामुळे ज्यांची प्रतिष्ठा जुन्या कल्पनेवर उभी होती ते अस्वस्थ झाले, हा या निबंधाचा मुख्य धागा आहे.

अडचण पुढे आहे. हा धागा नंदी एका विशिष्ट बालपणाला आणि एका विशिष्ट जातीला बांधतात. गोडसेचा जन्म १९ मे १९१० रोजी बारामतीचा. त्याच्या आधी जन्मलेले तिन्ही मुलगे दगावल्यामुळे आईवडिलांनी या मुलाचे नाक टोचून नथ घातली, त्याला काही काळ मुलीसारखे वाढवले, आणि रामचंद्राचा नथुराम झाला. लहानपणी तो कुलदेवतेसमोर बसून घरच्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत असे. पुढे तो मॅट्रिकला नापास झाला, शिवणकामाच्या दुकानावर पोट भरू लागला, वडिलांची बदली रत्नागिरीला झाल्यावर तेथे स्थानबद्ध असलेल्या सावरकरांच्या सहवासात आला आणि आयुष्यभर अविवाहित राहिला. या तपशिलांवरून जे चित्र उभे केले जाते ते असे: स्त्री-पुरुष ओळखीविषयी बालपणीच गोंधळलेला एक मुलगा पौरुषाच्या शोधात कठोर, लढाऊ राजकारणाकडे वळतो, आणि ज्या महापुरुषाने स्त्रीत्वाला राजकारणात मान मिळवून दिला त्याच्यात स्वतःच्या दडपलेल्या भागाचे भयानक प्रतिबिंब पाहतो. चित्र रेखीव आहे. मनोविश्लेषणाच्या हाती सापडलेले आयुष्य नेहमीच इतके रेखीव दिसते, आणि संशयाची सुरुवात तेथूनच व्हायला हवी.

नथीचा विचार आधी करावा, कारण सगळा डोलारा तिच्यावर तोललेला आहे. ज्या घरात मुलगे जगत नाहीत त्या घरात नव्या मुलाला काळाच्या नजरेतून लपवण्यासाठी त्याचे मोल मुद्दाम कमी करून दाखवायचे, ही महाराष्ट्रात सर्व थरांत रुळलेली चाल होती. त्यासाठी मुलाला मुलीचे कपडे घालत, नाक टोचत, किंवा ज्याला कोणी हात लावू इच्छिणार नाही असे नाव ठेवत. दगडू, केरबा, भिकू, कचरू, उकिरडा ही नावे याच भीतीतून आलेली आहेत, आणि नथू, नथोबा, नथुराम ही त्यांच्याच रांगेतली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी दोनशेच्या घरात बालके पहिल्या वाढदिवसाआधी दगावत असत. म्हणजे ज्या भीतीने ही नथ घातली जाई ती भीती घराघरांत होती. जुन्या शाळांच्या पटांवर, खातेउताऱ्यांत, मतदारयाद्यांत या नावांची माणसे शेकड्यांनी सापडतात. त्यांतले बहुतेक शेती करून, नोकरी करून, नातवंडे खेळवून गेले. बालपणीची नथ ही राजकीय खुनाची वाट तयार करते असे म्हणायचे असेल तर या शेकडो नथूंचे काय झाले हा पहिला प्रश्न विचारला पाहिजे, आणि निबंधात तो विचारलेलाच नाही. संख्याशास्त्रात याला मूळ प्रमाणाकडे दुर्लक्ष म्हणतात: एखादे लक्षण गुन्हेगारात आढळले एवढ्याने काही सिद्ध होत नाही; ते लक्षण गुन्हा न करणाऱ्यांत किती आढळते हे कळल्याशिवाय त्या लक्षणाला कारणाचा दर्जा देता येत नाही.

येथे आणखी एक बारीक खोच आहे. नथुरामचे नाक टोचले होते हे जगाला कळले ते त्याने ३० जानेवारी १९४८ रोजी गोळ्या झाडल्यामुळे. त्याच्या बालपणाचे बरेचसे तपशील धाकटा बंधू गोपाळ याच्या आठवणींतून आणि हत्येनंतर लिहिल्या गेलेल्या पुस्तकांतून आलेले आहेत, आणि अशा आठवणी खळबळजनक घटनेच्या प्रकाशात निवडल्या जातात हे सांगायला मानसशास्त्रज्ञाची गरज नाही. बिर्ला हाउसमध्ये ती घटना घडली नसती तर बारामतीच्या त्या पाळण्यात कोणाला काहीही अर्थपूर्ण दिसले नसते. परिणाम पाहून उदाहरण निवडायचे, मग त्याच परिणामाला शोभेल अशी बालपणाची सामग्री शोधायची, आणि शेवटी त्या सामग्रीने परिणाम स्पष्ट होतो असे जाहीर करायचे, हे वर्तुळ कोणताही माणूस घेतला तरी पूर्ण होते.

व्यक्ति-अभ्यास जर नियमाच्या भाषेत बोलणार असेल तर त्याला निदान हाताशी असलेल्या तुलना कराव्या लागतील, आणि गांधीहत्येच्या खटल्यात अशा तुलना आयत्या मिळतात. लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयाने १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल दिला. त्यात सावरकर निर्दोष सुटले, पुढे सिमल्याच्या अपिलात दत्तात्रेय परचुरे आणि शंकर किस्तय्या हेही सुटले, आणि अंतिमतः पाच जण दोषी राहिले: नथुराम गोडसे, नारायण आपटे, विष्णू करकरे, मदनलाल पाहवा आणि गोपाळ गोडसे. या पाचांत नथ एकाच्याच नाकात होती. आपटे विज्ञानाचे पदवीधर, अहमदनगरच्या मिशनच्या शाळेतले मास्तर, रायफल क्लब चालवणारे, संसारी आणि छानछोकीचे; करकरे अनाथाश्रमात वाढलेले, नाटकमंडळी घेऊन फिरलेले, नगरला लॉज चालवणारे; मदनलाल फाळणीत पाकपट्टणचे घर गमावून आलेला पंजाबी निर्वासित, ज्याने २० जानेवारी १९४८ रोजी बिर्ला हाउसच्या आवारात स्फोट घडवला. पाच आयुष्ये, पाच वेगवेगळी बालपणे, आणि शेवट एकच कट. गोपाळचे उदाहरण तर नियमाच्या मुळावरच येते, कारण त्याच्या बाबतीत आईवडील तेच, घर तेच, कुलदेवता तीच. नथ मात्र नाही, आणि तरीही कटात सहभाग आहे. नथीच्या सिद्धान्ताला यापेक्षा नेमकी कसोटी प्रयोगशाळेतही क्वचितच मिळेल, आणि तो सिद्धान्त या कसोटीत उतरत नाही.

या आक्षेपावर मनोविश्लेषणाचे एक ठरलेले उत्तर असते, ते म्हणजे बहुनिर्धारण. कोणतीही कृती एका कारणाने घडत नाही, अनेक कारणे एकत्र येऊन ती घडवतात, असा या संज्ञेचा अर्थ. म्हणजे एकटी नथ पुरेशी नसेल. नथ, नापास होणे, घसरलेली प्रतिष्ठा, सावरकरांचा सहवास, फाळणीचा क्षोभ, ब्रह्मचर्य हे सगळे एकत्र आल्यावर नथुराम घडला, असे म्हणता येईल. म्हणायला हरकत नाही. परंतु तसे म्हटल्याबरोबर नियम संपतो. अटी एकेक वाढवत नेल्या की त्या अटींत बसणाऱ्यांचा वर्ग लहान लहान होत जातो, आणि अखेरीस त्यात एकच माणूस उरतो. एका सभासदाचा वर्ग हा नियम नसतो, तो त्या माणसाचे चरित्र असतो. चरित्र लिहावेच, पण त्यावर सिद्धान्ताची मुद्रा उमटवू नये. विल्यम मॅकिन्ली रन्यन यांनी १९८१ मध्ये व्हॅन गॉगने स्वतःचा कान का कापला याविषयी मांडली गेलेली तेरा निरनिराळी मानसशास्त्रीय स्पष्टीकरणे गोळा केली होती. त्यांतले प्रत्येक वाचताना पटते, आणि अडचण तेथेच आहे.

अशा स्पष्टीकरणांना कधीच खोटे पडावे लागत नाही, हे त्यांचे सर्वांत मोठे वैगुण्य. कार्ल पॉपर यांनी तरुणपणी आल्फ्रेड आडलर यांच्यापुढे एका मुलाचे उदाहरण ठेवले, आणि आडलर यांनी मुलाला न पाहताच ते न्यूनगंडाच्या सिद्धान्तात बसवून दाखवले. एवढी खात्री कशी, असे विचारल्यावर त्यांनी आपल्या हजारपट अनुभवाचा दाखला दिला, तेव्हा आता तुमचा अनुभव एक हजार एक पट झाला असेल, असे पॉपर यांनी त्यांना ऐकवले. महाराष्ट्रातच हे सहज करून पाहता येते. नथुरामचे अविवाहितपण स्त्रीभयाचे आणि हिंसेचे लक्षण मानले जाते. पण विनोबा भावे आजन्म ब्रह्मचारी होते आणि त्यांचे ब्रह्मचर्य अहिंसेकडे गेले, इतके की १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधींनी पहिला सत्याग्रही म्हणून त्यांचीच निवड केली. स्वतः गांधींनी १९०६ मध्ये ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. साने गुरुजी अविवाहित, आईच्या आठवणींत आकंठ बुडालेले, आणि ज्याला नंदी यांच्या परिभाषेत स्त्रीत्व म्हणावे लागेल अशा मार्दवासाठी सर्वश्रुत. त्यांच्या बाबतीत त्या मार्दवाने पौरुषाचा सूड उगवला नाही, उलट गांधीहत्येनंतर त्यांनी प्रायश्चित्त म्हणून एकवीस दिवसांचे उपोषण केले. एकच लक्षण खुनी, सत्याग्रही आणि मातृहृदयी लेखक या तिघांनाही सारखेच स्पष्ट करत असेल, तर ते कोणालाच स्पष्ट करत नाही.

जातीकडे घेतलेली उडी याहून गंभीर आहे. चित्पावन ब्राह्मणांनी एकीकडे पौरोहित्य आणि विद्या, दुसरीकडे पेशवाईतली सत्ता आणि तलवार अशा दोन्ही परंपरांवर हक्क सांगितला, १८१८ मध्ये सत्ता गेली, पुढे प्रतिष्ठेला उतरती कळा लागली आणि त्या जखमेतून आक्रमक राजकारण निघाले, अशी ही मांडणी आहे. ऐतिहासिक निरीक्षण म्हणून तिच्यात तथ्यांश आहे, हे मान्य करावे. परंतु ज्या जातीत टिळक झाले त्याच जातीत गोखले झाले, ज्यांना गांधींनी राजकीय गुरू मानले. त्याच जातीत न्यायमूर्ती रानडे झाले, कोकणचे गांधी म्हणून ओळखले गेलेले अप्पासाहेब पटवर्धन झाले, आणि वर उल्लेखिलेले विनोबा व साने गुरुजीही त्याच जातीतले. नंदी यांनी सर्व चित्पावनांविषयी असे म्हटलेले नाही, केवळ एका प्रवृत्तीविषयी म्हटले आहे, असा बचाव होऊ शकतो. प्रवृत्ती हा मात्र प्रमाणाचा शब्द आहे. एखाद्या समूहात एखादी प्रवृत्ती अधिक आहे असे म्हणायचे तर ती इतर समूहांपेक्षा किती अधिक आहे हे सांगावे लागते, आणि एका माणसाच्या बालपणातून प्रमाण निघत नाही.

नवी मुंबईच्या दक्षिण वेशीवर, पनवेलहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गालगत, कर्नाळ्याच्या पायथ्याच्या बाजूला शिरढोण हे गाव आहे. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म तेथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी झाला. त्याच रायगड जिल्ह्यात, पेण तालुक्यातल्या गागोदे गावी, ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबांचा जन्म झाला. जिल्हा आज एकच, जात एकच, दोन्ही घरांत जुन्या वैभवाच्या आठवणी आणि धर्माचरण. एकाने रामोशांची फौज उभारून इंग्रज सरकारविरुद्ध बंड केले, दुसऱ्याने १९५१ पासून गावोगाव पायी फिरून जमिनी मागितल्या. जातीय मनाचा सिद्धान्त या दोघांपुढे मुका होतो. तो बोलतो तेव्हा फक्त फडक्यांविषयी बोलतो, कारण विनोबा त्याला गैरसोयीचे आहेत.

फडक्यांच्या बाबतीत तर लोकस्मृतीनेही असाच एक व्यक्ति-अभ्यास घडवून ठेवला आहे. ते पुण्यात सैन्याच्या हिशेबखात्यात नोकरीला होते, आई आजारी असल्याचे कळल्यावर साहेबाने वेळेवर रजा दिली नाही, ते घरी पोहोचले तेव्हा आई गेलेली होती. पुढच्या वर्षी श्राद्धालाही रजा मिळाली नाही, आणि त्यातून बंडाची ठिणगी पडली, असे चरित्रांतून आणि शालेय धड्यांतून सांगितले जाते. प्रसंग खोटा ठरवण्याचे कारण नाही. पण रजा नाकारली गेलेले कारकून एकोणिसाव्या शतकात प्रत्येक कचेरीत बसलेले होते, आणि त्यांतला कोणीही डोंगरात गेला नाही. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात त्यांनी जे पाहिले, रानड्यांच्या व्याख्यानांतून देशाच्या आर्थिक लुटीविषयी जे ऐकले, आणि दौलतराव नाईकासारख्या रामोशी पुढाऱ्यांची जी साथ मिळाली, या गोष्टी बंडाचे स्थळ, काळ आणि स्वरूप सांगतात; आईच्या मरणाची कथा फक्त कळकळ सांगते. तरीही कथेला अधिक मागणी आहे, कारण ती लक्षात राहते. व्यक्ति-अभ्यासाच्या लोकप्रियतेचे रहस्य बऱ्याच अंशी याच गोष्टीत आहे आणि ते शास्त्राचे रहस्य नव्हे.

एका उदाहरणावरून समूहाविषयी अनुमान काढणे ही केवळ ग्रंथालयातली चूक नाही, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. ३० जानेवारी १९४८ नंतरच्या दिवसांत पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांच्या घरांवर हल्ले झाले, वाडे आणि कारखाने जाळले गेले, कित्येक कुटुंबे गाव सोडून शहरात गेली. मुंबईत दगडफेकीत जखमी झालेले नारायणराव सावरकर पुढे १९४९ मध्ये वारले. त्या जाळपोळीमागे जमिनीचे, कर्जाचे, गावच्या सत्तेचे जुने हिशेब होते, आणि अमेरिकन अभ्यासक मॉरीन पॅटरसन यांनी त्यांचा तपशीलवार मागोवा घेतलेला आहे. पण जमावाच्या तोंडी जे समर्थन होते त्याचा तर्क साधा होता: मारणारा अमुक जातीचा, म्हणून ती जातच अशी. नंदी यांचा हेतू या जमावाच्या हेतूच्या नेमका उलट आहे आणि दोघांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. तरीही तर्काचा आकार हेतूवर अवलंबून नसतो. ज्या अनुमानपद्धतीचा परिणाम एकदा रस्त्यावर पाहिला, ती पद्धत पुस्तकात आली की तिच्याकडून दुप्पट पुरावा मागणे हे अभ्यासकाचे किमान कर्तव्य ठरते.

या पद्धतीची वंशावळही सुखावह नाही. रांचीच्या युरोपीय मनोरुग्णालयाचे अधीक्षक ओवेन बर्कले-हिल यांनी १९२१ मध्ये मनोविश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात हिंदूंचा धर्म, तत्त्वज्ञान आणि स्वभाव हे सगळे बालपणीच्या शौचसंस्कारातून उलगडून दाखवले होते; फौजेतले अधिकारी क्लॉड डँगर डेली यांनी १९३० मध्ये भारतीय क्रांतिकारकांची चळवळ मातृगंडाने स्पष्ट केली, म्हणजे राजवटीविरुद्धचे राजकीय गाऱ्हाणे एका फटक्यात रुग्णाच्या तक्रारीत जमा झाले. नंदी यांनी पुढे भारतातील मनोविश्लेषणाच्या इतिहासावर लिहिताना वसाहतवादी मनोविश्लेषणातला हा दोष अचूक दाखवला आहे, आणि म्हणूनच त्यांच्या गोडसे-निबंधातली उडी अधिक खटकते. राज्यकर्त्याने शासितांच्या मनाविषयी घेतलेली उडी आणि टीकाकाराने प्रस्थापितांच्या मनाविषयी घेतलेली उडी यांत राजकीय फरक मोठा आहे, पुराव्याचा फरक मात्र काहीच नाही. फ्रॉइड यांनीच १९११ मध्ये श्रेबर नावाच्या न्यायाधीशाला एकदाही न भेटता, त्याच्या आत्मकथनावरून संशयविकृतीचा सर्वसाधारण सिद्धान्त मांडून ही वाट प्रशस्त केलेली होती.

एकाच रुग्णावरून मेंदूचे शास्त्र उभे राहिले ते कसे, असा प्रश्न यावर हमखास येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये लेबोर्न्य या, एकच अक्षर उच्चारू शकणाऱ्या रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला आणि वाचेचा संबंध मेंदूच्या पुढच्या भागाशी जोडला. अमेरिकेत १९५३ मध्ये अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झालेला आणि नंतर नवी स्मृती साठवू न शकणारा हेन्री मोलेसन हा तर स्मृतिशास्त्राचा पायाच मानला जातो. पण या दोन्ही उदाहरणांत कारण आणि परिणाम हे परस्परांपासून स्वतंत्रपणे तपासता येत होते: इजा मेंदूत दिसत होती, दोष वागणुकीत दिसत होता, आणि एकाचे वर्णन दुसऱ्याकडे पाहून रचलेले नव्हते. शिवाय ब्रोका एका रुग्णावर थांबले नाहीत. काही महिन्यांतच त्यांनी दुसरा रुग्ण तपासला आणि पुढच्या दोन वर्षांत आणखी रुग्ण जमवले. विल्यम स्कोव्हिल आणि ब्रेंडा मिल्नर यांच्या १९५७ च्या प्रसिद्ध लेखात मोलेसनबरोबर तशाच शस्त्रक्रिया झालेल्या इतर रुग्णांच्याही चाचण्या होत्या. एवढे करूनही २००७ मध्ये लेबोर्न्यच्या जतन केलेल्या मेंदूची आधुनिक यंत्रांनी प्रतिमा घेतली तेव्हा इजा ब्रोकांना वाटली होती त्यापेक्षा खोलवर गेल्याचे आढळले आणि सिद्धान्त दुरुस्त करावा लागला. दुरुस्त करता येणे हीच त्या उदाहरणांची ताकद होती. नथुरामच्या नथीच्या सिद्धान्तात अशी कोणती नवी वस्तुस्थिती सापडल्यावर दुरुस्ती होईल, हे कोणीही सांगितलेले नाही.

एकट्या उदाहरणाचा खरा हक्क विल्यम जेम्स यांनी १८९६ मध्ये नेमका सांगितला होता: सर्व कावळे काळे असतात हा नियम मोडायला एकच पांढरा कावळा पुरे. यातला नेमकेपणा लक्षात घ्यावा. पांढरा कावळा नियम मोडतो. पांढऱ्या कावळ्यावरून सगळे कावळे पांढरे असतात असा नवा नियम तयार होत नाही. प्रस्तुत लेखात गोपाळ, आपटे, विनोबा, साने गुरुजी ही उदाहरणे वापरली आहेत ती याच मर्यादित हक्काने, समोरच्या नियमाला धक्का देण्यासाठी. त्यांतून अहिंसेच्या मानसशास्त्राचा एखादा उलटा नियम काढणे हा तोच दोष ठरला असता.

शेवटचा बचाव अर्थवादी पंथाचा आहे. मनोविश्लेषण कारण शोधतच नाही, ते कृतीचा अर्थ लावते, म्हणून त्याला प्रमाणाच्या आणि तुलनेच्या कसोट्या लावू नयेत, असे या पंथाचे म्हणणे. हे प्रामाणिकपणे मान्य करायचे तर त्याबरोबर येणारी बंधनेही मान्य करावी लागतील. अर्थ त्या माणसाचा लावला असेल तर वाक्याचा कर्ता तो माणूसच राहिला पाहिजे. वाक्याच्या मध्यावर कर्ता बदलून ‘चित्पावन’, ‘ब्राह्मणी संस्कृती’ किंवा ‘हिंदू मन’ असा समूहवाचक शब्द बसवता येणार नाही. आणि अर्थच लावायचा असेल तर ८ नोव्हेंबर १९४८ रोजी आरोपीने न्यायालयात वाचलेल्या निवेदनातील राजकीय कारणांना, म्हणजे फाळणी, निर्वासित, पाकिस्तानला द्यायचे पंचावन्न कोटी यांना, केवळ वरवरचे आवरण मानून खालच्या थरातल्या नथीला खरे कारण ठरवता येणार नाही. ती कारणे चुकीची होती, त्यांच्या नावाने केलेला खून निर्घृण होता. पण ती एका प्रौढ माणसाने, वर्तमानपत्र चालवणाऱ्या संपादकाने, साथीदार जमवून, पैसे आणि पिस्तूल मिळवून, आधीचा प्रयत्न फसल्यावर दहा दिवसांत दुसरा करून अमलात आणलेली कारणे होती. बालपणाच्या स्पष्टीकरणाने या जबाबदारीची धार नकळत बोथट होते, आणि नंदी यांनाही ते अभिप्रेत नसावे.

त्यांच्या निबंधाचा जो भाग टिकतो तो टिकण्यासाठी बारामतीपर्यंत जाण्याची गरजच नाही. २० जानेवारीच्या स्फोटानंतर मदनलाल जागीच पकडला गेला होता. मुंबईच्या रुइया महाविद्यालयातले प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी त्याच्याकडून ऐकलेल्या कटाची माहिती दुसऱ्याच दिवशी मुंबई प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांना दिली होती. तरीही पुढच्या दहा दिवसांत मुंबई, पुणे आणि दिल्ली येथल्या पोलिसांना गोडसे-आपटे यांच्यापर्यंत पोहोचता आले नाही. १९६६ मध्ये नेमलेल्या कपूर आयोगाने १९६९ च्या अहवालात या दिरंगाईची कागदोपत्री छाननी केली आहे. गांधींचा मृत्यू घडू देणारी उदासीनता यंत्रणेत किती मुरलेली होती, कोणत्या अधिकाऱ्याला काय माहीत होते आणि त्याने ते वर का कळवले नाही, हे प्रश्नही मानसशास्त्राचेच आहेत, मात्र ते संस्थांच्या मानसशास्त्राचे. त्यांत अनेक माणसे, अनेक कचेऱ्या आणि तारखांसह नोंदी असल्यामुळे तुलना करता येते, चूक दाखवता येते आणि दाखवलेली चूक दुरुस्तही करता येते. हत्येत मुख्य प्रवाहाचा सहभाग होता, या नंदी यांच्या विधानाची खरी तपासणी त्या अहवालाच्या पानांवर व्हायला हवी होती, आणि चार दशकांनंतरही ती पुरेशी झालेली नाही.